स्लाइड नंतर, उत्तरपत्रिका आधी

अनेक आशीर्वाद.

पुढच्या सत्रात संख्याशास्त्राची तोंडओळख तुला शिकवायची आहे आणि आधी हा विषय शिकवलेल्यांकडून स्लाइड मागून घ्यायच्या, असं तुझ्या मनात आहे. घे, पण सुरुवात तिथून नको. वर्ग कुठे अडतो, कोणतं उदाहरण फसतं, हे स्लाइडवर कुणी लिहून ठेवत नाही. आधी गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका माग आणि देता येत असतील तर नावं झाकलेल्या दहा-बारा उत्तरपत्रिका. पहिल्या नंबरातल्या नकोत, मधल्या गुणांच्या हव्यात.

‘काही सुचवाल का?’ असं मोघम विचारलं की ‘सोपा आहे विषय, होईल’ एवढंच ऐकायला मिळतं. अर्ध्या तासाची वेळ ठरवून जा आणि तीनच प्रश्न ने. कशाला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला? काय गाळलं, आणि त्यामुळे पुढे काही अडलं का? निम्मा वर्ग कुठे चुकला आणि मुलांनी नेमकं काय लिहिलं होतं?

तिसऱ्या प्रश्नावर रेंगाळ. ‘पी-व्हॅल्यू ०.०३ आली, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ हे वाक्य तुला उत्तरपत्रिकांत हमखास सापडेल. शून्य परिकल्पना म्हणजे ‘फरक किंवा परिणाम काहीच नाही’ हे गृहीतक. मुलं इथे प्रश्नच उलटा करतात. परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता किती, एवढंच तो आकडा सांगतो. अशी चूक आधीच हातात असेल तर त्या दिवशी व्याख्येने सुरुवात करूच नकोस. ते चुकीचं वाक्य फळ्यावर लिही आणि काय खटकतंय ते वर्गालाच विचार.

आणखी दोघांना भेटायचं आहे. आधीचा विषय शिकवणाऱ्याला विचार, छापील अभ्यासक्रमातलं प्रत्यक्षात किती झालं. पुढचा शिकवणाऱ्याला विचार, मुलांकडून काय पक्कं हवं. ही दुसरी यादी बहुधा लहान निघते. काय गाळायचं याचा निर्णय तिच्यावरून घे.

वेळेचा हिशेब कागदावर मांड. १५ आठवडे, आठवड्याला ३ तास, म्हणजे ४५. चाचण्या, सुट्ट्या, उजळणी आणि पहिल्या दिवसाची ओळखपाळख वजा करून ३६ तासांचंच नियोजन कर. पहिले तीन आठवडे पूर्ण तयार ठेव, पुढच्या प्रत्येक आठवड्याचं एकेक पान पुरे. सगळं सत्र आधीच लिहून काढलं तर चौथ्या आठवड्यात वर्गाचा वेग कळतो आणि निम्मं लिखाण पुन्हा करावं लागतं.

आता स्लाइड. घेतल्यास तर प्रत्येक सूत्र पाठ्यपुस्तकाशी ताडून बघ. २, ४, ६ हे नमुन्यातले आकडे घे. सरासरी ४, फरकांच्या वर्गांची बेरीज ८. सहकाऱ्याच्या स्लाइडवर तिला ३ ने भागलं असेल तर व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) २.६७ येतो, पुस्तकाने २ ने भागलं असेल तर ४. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, पण वर्गात ‘सर, पुस्तकात वेगळं आहे’ किंवा ‘मॅडम, वेगळं आहे’ असा हात वर आला की दहा मिनिटं गेलीच. कोणती पद्धत वापरायची ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. चिन्हांचंही तसंच.

परीक्षेचा पेपर काढलास की घड्याळ लावून स्वतः सोडव, पायऱ्या पूर्ण लिहून. तुला लागेल त्याच्या तिप्पट वेळ मुलांना लागतो असं धर. तासाभराचा पेपर तुझ्या हातून वीस मिनिटांत सुटायला हवा. मग तो एखाद्या सहकाऱ्याला दे, मात्र उत्तरांशिवाय. प्रश्नाची भाषा कुठे दोन अर्थांनी वाचली जाते, ते लिहिणाऱ्याला दिसत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा विषय आधी शिकवलेल्यांपैकी कुणाला तरी तुझ्या तासाला बसव. ‘कसं झालं’ हे विचारू नकोस, शिष्टाचारापोटी चांगलंच म्हणतील. त्यांना एकच काम दे: मुलांनी लिहिणं कधी थांबवलं, ती वेळ टिपून ठेवायची.

तास संपल्यावर जागेवरून हलण्याआधी पाच मिनिटं काढ: काय उरलं, कोणतं उदाहरण फसलं, कोणती शंका दोघांनी विचारली, हे तारखेसह लिही. सत्र संपल्यावर ही वही आणि दुरुस्त केलेल्या स्लाइड ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना परत दे.