घोड्यांना फ्लू आलाय, लस आधी कोणाला टोचायची?

प्रश्न : आमच्याकडे नऊ घोडे, दोन गाढवं आणि एक खेचर आहे. परवापासून दोन घोडे कोरडं खोकतायत, नाकातून पाणी गळतंय, वैरण सोडली आहे. आजवर एकाही जनावराला फ्लूची लस दिलेली नाही. आजच सगळ्यांना एकदम टोचून घ्यावी का?

उत्तर : घाई करा, पण लशीची नाही, वेगळं बांधण्याची. खोकणारे दोन घोडे आत्ताच बाकीच्यांपासून जितके लांब नेता येतील तितके न्या. खोकल्यातून उडणारे बारीक थेंब कित्येक मीटर दूर जातात, त्यामुळे मध्ये नुसती भिंत असून भागत नाही. त्यांची बादली, तोबरा, खरारा, लगाम सगळं वेगळं ठेवा. त्यांचं करणारा माणूसही वेगळा हवा. दुसरा माणूस नसेल तर आधी निरोगी जनावरांचं दाणापाणी उरका, आजाऱ्यांकडे शेवटी जा. परत येताना साबणाने हात धुवा आणि कपडे बदला. आजारी घोडा मान झटकतो, बाहीला शेंबूड लागतो आणि त्याच बाहीने आपण निरोगी घोडीचं तोंड कुरवाळतो. रोग असाच पुढे जातो.

त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलावून नाकातला स्वॅब तपासणीला पाठवा. तो लस देण्याआधीच घेतलेला बरा. नाक गळणारा प्रत्येक घोडा फ्लूचाच असतो असं नाही. जबड्याखाली गाठी सुजून पिकत असतील तर तो स्ट्रँगल्स हा जिवाणूंचा रोग असू शकतो, आणि त्याची साथ चालू असताना सरसकट त्याची लस टोचली तर काही घोड्यांच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन अंग सुजतं, जिवावर बेततं. ग्लँडर्स या जिवाणूंच्या दुसऱ्या रोगावर तर लसच नाही, आणि तो माणसालाही होतो. कशाशी लढतोय हे कळल्याशिवाय सुई उचलू नका.

फ्लू ठरला तर पुढचा हिशेब असा. विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत घोडा खोकायला लागतो. लशीच्या पहिल्या मात्रेनंतर अंगात थोडीफार ताकद यायलाच साधारण दोन आठवडे जातात, आणि खरी ताकद येते ती चार ते सहा आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेनंतर. म्हणजे या शर्यतीत लस मागेच राहणार. मधले दिवस तुमचं फाटकच सांभाळणार आहे : एकही जनावर बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २००७ मध्ये हा रोग पहिल्यांदाच घुसला. त्यांनी आधी घोड्यांची ने-आण बंद केली, लस आली ती त्यानंतर महिन्याभराने, आणि तीसुद्धा बाधित भागाच्या कडेने पट्टा आखून. डिसेंबर २००७ नंतर तिथे या साथीचा नवा घोडा सापडला नाही. मला त्यांचा हा क्रम फार मोलाचा वाटतो.

तुमच्याकडेही बाहेरून आत या. ज्या शेजाऱ्यांच्या घोड्यांचा तुमच्या घोड्यांशी संबंध आलेला नाही, त्यांना आजच कळवा. रोग लपवला तर सगळ्या पंचक्रोशीचं नुकसान होतं. लशीचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांच्या घोड्यांना आहे. ज्यांना पूर्वी पूर्ण मात्रा मिळाल्या आहेत त्यांना एक बूस्टर लवकर उभं करतो, म्हणून त्यांना मागे ठेवू नका. तुमच्या तबेल्यातली उरलेली दहा बहुधा विषाणूच्या वाऱ्यात येऊन गेली आहेत. त्यांना टोचायचं की थांबायचं, हे रोजचा ताप सांगेल. त्यातही गाढवं आणि खेचर यांच्यावर विशेष लक्ष ठेवा. फ्लू त्यांना घोड्यांपेक्षा जड जातो.

ताप रोज सकाळी, कामाला जुंपण्याआधी मोजा. थर्मामीटरच्या टोकाला दोरी बांधा, थोडं व्हॅसलीन लावा, घोड्याच्या बाजूला उभं राहून गुदद्वारात घाला आणि आकडा वहीत लिहा. निरोगी मोठ्या घोड्याचा ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असतो. फ्लूमध्ये खोकल्याच्या आधीच तो चढतो, १०६ पर्यंतही जातो. ज्याचा ताप चढला त्याला त्या दिवशी लस नाही. तो आजाऱ्यांच्या बाजूला जातो.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. गोठली तरी ती वाया जाते. प्रत्येक जनावराला नवी सुई घ्या. एकच सुई फिरवली तर रक्तातून पसरणारे दुसरे रोग आपणच वाटतो. घेताना लशीत घोड्यांच्या फ्लूच्या एच३एन८ या विषाणूचे सध्या फिरणारे फ्लोरिडा गटातले प्रकार आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. जुन्या प्रकाराची लस कमी पडते.

प्रश्न : एक घोडी गाभण आहे, एक शिंगरू चार महिन्यांचं आहे. त्यांचं काय?

उत्तर : फ्लूची मृत विषाणूची लस गाभण घोडीला देतात. एरवी व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी बूस्टर दिला तर चिकातून पिलाला संरक्षण मिळतं. पण चिकातली हीच प्रतिपिंडं पुढे शिंगराची लस चालू देत नाहीत, म्हणून त्याची पहिली मात्रा सहा महिन्यांनंतर. तुमच्या घोडीला कधीच लस दिलेली नाही, तेव्हा हा अडसर कमी आहे. साथ अंगणात असल्याने शिंगराला आधी द्यायची का, ते डॉक्टर त्याला पाहून ठरवतील.

प्रश्न : लस दिल्यावर घोडे कामाला लावता येतील?

उत्तर : टोचल्यावर मानेला थोडी सूज, एखाद-दोन दिवस मरगळ येते. तेवढे दिवस खोगीर नको. मात्र लस घेतलेला घोडाही वरून ठणठणीत दिसत विषाणू बाहेर टाकू शकतो, म्हणून शेवटच्या आजाऱ्याचा ताप उतरून किमान दोन आठवडे होईपर्यंत फाटक बंदच. दुसऱ्या मात्रेची तारीख आजच तबेल्याच्या दारावर खडूने लिहा, तिसरी त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी. आजारी पडलेल्या दोघांना ताप जितके दिवस होता तितके आठवडे विश्रांती द्या, आणि कमीत कमी तीन आठवडे. खोकला थांबला म्हणून लगेच ओझं लादलं तर श्वासनलिकेचं सोललेलं अस्तर भरून येत नाही आणि खोकला कायमचा मागे लागतो.