थायरॉइडची गोळी चालू असताना बाबांना आस्कंद द्यावा का?

तुमचे बाबा कमी थायरॉइडची आणि बीपीची गोळी घेतात, झोप लागत नाही, आणि गावात कुणीतरी बांधावरचा आस्कंद खणून दुधात उकळून द्या म्हटलंय. बांधावरचा तर देऊच नका. विकतची अश्वगंधाही (आस्कंदाचंच दुसरं नाव) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझं वर्धा जिल्ह्यात औषधाचं दुकान आहे. "जडीबुटीच तर हाये, त्यानं काय होते बाप्पा?" हे काउंटरवर नेहमीचंच. म्हणून लोक डॉक्टरलाही सांगत नाहीत. पण अश्वगंधेनं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि बाबांची गोळीही तेच काम करते. दोन्ही मिळून जास्त झालं तर छाती धडधडते, हात थरथरतात आणि होती नव्हती तीही झोप उडते. बीपी आणि शुगर अश्वगंधा थोडी उतरवू शकते, म्हणजे गोळीसोबत चक्कर येण्याची भीती. झोपेची गोळी किंवा दारू यांच्यासोबत नाहीच. गरोदर बाईनं घेऊ नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठायचा.

बांधावरचा नको म्हणालो, कारण कपाशीवरची फवारणी आणि तणनाशक त्याच बांधावर उडतं. शिवाय घरी उकळताना पानंही टाकली जातात. औषध मुळाचं आहे. आयुष मंत्रालयानंही २०२१ मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका म्हणून कळवलं होतं.

डॉक्टर हो म्हणालेच, तर चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. सुरुवात त्याहून कमी. कॅप्सूलमध्ये बहुधा अर्क असतो, त्याला चूर्णाचा हिशेब लावायचा नाही. गुण यायला काही आठवडे जातात. अभ्यास बहुतेक दोन-तीन महिन्यांचेच झालेत, त्यामुळे त्यापुढे आपल्या मनानं रेटू नका. थायरॉइडची तपासणी मधे एकदा करून घ्या.

आता मला खरं विचारायचंय ते वेगळंच. बाबा रात्री करतात काय? रब्बीत रात्रीची लाइन, ओलित, त्यात रानडुकरांसाठी जागल. असं असेल तर मूळ काय करणार? अन् खर्रा? रात्री जेवणानंतर तोंडात खर्रा असेल तर आधी तो सोडवा, तंबाखू झोप उडवते. चहाही दुपारनंतर नको.

आणि कर्जाचा, पिकाचा घोर असेल, माणूस गप्प गप्प राहत असेल, जगण्यात काही उरलं नाही असं बोलत असेल, तर चूर्णात वेळ घालवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. बाबा लावणार नसतील तर तुम्ही लावा, आणि त्या रात्री त्यांना शेतात एकटं जाऊ देऊ नका.