'ब्लूज'ला विराणी म्हणावे का?

एका वाचक ताईंचा प्रश्न : 'मी बेसी स्मिथवर लेख लिहिते आहे. ब्लूजला मराठीत विराणी म्हटलं तर चालेल का? आणि तिने ब्लूज गायला, गायले की गायली?'

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आणि बेसी स्मिथ ही त्याची गाजलेली गायिका. त्यासाठी विराणी सुचणं साहजिक आहे. बाईचा आवाज, आतली कळ, आणि हवं ते माणूस जवळ नाही. बेसीची १९२३ सालची पहिली तबकडी, 'डाउनहार्टेड ब्लूज', नेमकी अशीच आहे, आणि ती लाखांनी खपली. पण पुढच्या तबकड्या ऐकत गेलात की हा शब्द तोकडा पडू लागतो. 'बॅकवॉटर ब्लूज'मध्ये प्रियकराचा पत्ताच नाही. पुरात घर गेलेली बाई आहे आणि तिला जायला ठिकाण उरलेलं नाही. 'पुअर मॅन्स ब्लूज'मध्ये ती श्रीमंताला थेट जाब विचारते. 'एम्प्टी बेड ब्लूज' तर इतकं द्व्यर्थी की त्याला बैठकीच्या लावणीशेजारी बसवावं लागेल! आपल्या विराणीवर ज्ञानेश्वरांची मुद्रा आहे. तिच्यातला विरह शेवटी विठ्ठलाकडे वळतो. ब्लूजची वाट तिकडे जात नाही. चर्चला जाणारी कित्येक मंडळी तर त्याला सैतानाचं गाणं म्हणत.

गंमत म्हणजे शब्दाच्या मुळाशीही सैतानच आहेत. इंग्रजीत उदासीला पूर्वी 'ब्लू डेव्हिल्स' म्हणत, म्हणजे मानगुटीवर बसलेले निळे सैतान. पुढे सैतान गळले, 'ब्लूज' उरलं. म्हणून त्या शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा 'ज' आहे. म्हणजे ब्लूज ही आधी अवस्था, मग गाणं. अवस्थेसाठी मला 'मळभ' आवडतो. गाण्यासाठी मात्र ब्लूजच ठेवा. 'निळी गाणी' तर अजिबात नको. मराठीतला निळा उदास नाही. तो आभाळाचा आहे, कृष्णाचा आहे, जयभीमच्या झेंड्याचा आहे. शिवाय 'निळी फीत' (म्हणजे ब्लू फिल्म) या शब्दाने जे व्हायचं ते करून ठेवलंच आहे.

आता व्याकरण. ख्याल गायला, टप्पा गायला, तसा प्रकार म्हणून 'ब्लूज गायला'. एकाहून अधिक रचना असतील तर 'ब्लूज गायले'. 'गायली' लिहिणाऱ्याच्या मनात 'गाणी' हा शब्द असतो. मग तो उघड लिहावा : 'ब्लूजची गाणी गायली'.

जाता जाता एक. कोलंबिया कंपनीने जाहिरातीत बेसीला ब्लूजची राणी म्हटलं होतं, वर्तमानपत्रांनी तिला बढती देऊन 'एम्प्रेस' केलं. आपल्याकडे लावणीसम्राज्ञी आहे, गानसम्राज्ञी आहे, तेव्हा 'ब्लूजसम्राज्ञी' कानाला खटकणार नाही. तरी शीर्षकात तो शब्द घालण्याआधी एवढं लक्षात घ्या : टेनेसीतल्या चॅटनूगात लहानपणी भावाच्या गिटारवर रस्त्यात गाणारी ही बाई १९३७ साली मोटार अपघातात गेली, आणि पुढची ३३ वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९७० साली रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीकडे घरकाम केलेली वानिटा ग्रीन या दोघींनी पैसे घालून तो बसवला. त्यावर सम्राज्ञी नाही. तिथे तिला जगातली सर्वांत थोर 'ब्लूज सिंगर' म्हटलंय. मी असतो तर शीर्षकात 'ब्लूज गायिका' एवढंच लिहिलं असतं.