सातबारावर 'महाराष्ट्र शासन' कुठून आलं?

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात आजोबांची सव्वा एकर काजूची जमीन आहे. आजोबा गिरणीत कामाला होते, मुंबईतच वारले. यंदा सातबारा काढला तर कब्जेदार 'महाराष्ट्र शासन' आणि शेरा 'आकारीपड'. एक एजंट चाळीस हजारांत नाव लावून देतो म्हणतो. द्यावेत का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. शासनाचं नाव कमी करणं तलाठ्याच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) हातात नाही. पैसे घेऊन कुणी नोंद घातलीच, तर ती पहिल्याच तपासणीत रद्द होईल आणि पुढच्या खऱ्या अर्जालाही तिचा डाग लागेल.

पहिलं काम म्हणजे हे नाव कोणत्या फेरफाराने (हक्क बदलल्याच्या नोंदीने) आलं ते शोधणं. संगणकीकृत सातबारावर जुना इतिहास दिसत नाही, म्हणून हस्तलिखित सातबारा मिळवा. त्यावर कमी केलेलं नाव कंसात असतं आणि जवळ गोलात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाची गाव नमुना ६ मधली नोंद घ्या. तारीख, नोंदीचं कारण, कोणत्या आदेशावरून ती घातली आणि अधिकाऱ्याचा शेरा, सगळं तिथे सापडतं. काही कागद 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून घ्यायचे. दोडामार्ग पूर्वी सावंतवाडी तालुक्यात होता, तेव्हा जुनी दप्तरं तिकडेही विचारा. 'कागद सापडत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि कागद गहाळ असल्याचं लेखी उत्तरही पुढे उपयोगी पडतं.

आता आकारीपड म्हणजे काय ते. आकार, म्हणजे शेतसारा, थकला की जमीन लिलावात काढली जाई. बोली लावायला कुणी आलं नाही, तर शासन नाममात्र बोलीने ती स्वतःच घेई. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२० मध्ये ही तरतूद आहे. मूळ खातेदाराला थकबाकी, व्याज, दंड भरून बारा वर्षांच्या आत जमीन सोडवता येत असे. आपल्याकडे माणसं मुंबईला आणि साऱ्याची नोटीस गावच्या बंद दाराला, अशी कितीतरी घरांची ही मुदत निघून गेली. मूळ रक्कम पुष्कळदा अगदी किरकोळ असायची, म्हणून हा विषय आम्हाला फार लागतो.

या बारा वर्षांच्या अडसरावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. चालू बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम भरून आकारीपड जमीन मूळ खातेदाराला किंवा वारसांना परत देण्याचा तो निर्णय आहे. परत मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर आणि बिगरशेती वापरावर काही वर्षं बंधन असतं, तेव्हा लगेच विकायच्या हिशेबाने कुणाकडून विसार घेऊ नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, तहसीलमार्फत. सोबत जुना सातबारा, तो फेरफार, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ आणि असतील तर साऱ्याच्या पावत्या. प्रकरण अडतं ते बहुधा वंशावळीपाशी. लग्न झालेल्या आत्यांची नावं गाळली की कुणीतरी हरकत घेतं आणि फाईल तिथेच बसते. आत्या, त्या हयात नसतील तर त्यांची मुलं, सगळी नावं पहिल्याच दिवशी लिहा.

एक चूक फार होते. लोक त्याच संहितेच्या कलम १५५ खाली 'दुरुस्ती'चा अर्ज करतात. ते कलम लेखनाच्या चुकीसाठी आहे : क्षेत्र उतरवताना चुकलं, नावातलं अक्षर चुकलं वगैरे. हक्काचा प्रश्न त्यात बसत नाही, आणि हे कळेपर्यंत वर्षं जातात.

प्रश्न : आमच्याही सातबारावर शासन आहे, पण शेरा 'खाजगी वने' असा आहे. तोच मार्ग का? (संगमेश्वर)

उत्तर : नाही. म्हणूनच फेरफार आधी बघा म्हणतो. खाजगी वने संपादन अधिनियम, १९७५ मुळे ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी खाजगी वनं शासनाकडे निहित झाली, म्हणजे मालकीने गेली. तुमच्या फेरफारात हीच तारीख किंवा या कायद्याचं नाव दिसेल. ज्याची एकूण धारणा या संपादनामुळे १२ हेक्टरांखाली गेली, त्याला १२ हेक्टरांच्या मर्यादेत जमीन परत देण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम २२-अ मध्ये आहे. त्यासाठी त्या दिवशी कुटुंबाच्या नावावर सगळ्या गावांत मिळून किती जमीन होती, ते ८-अ च्या (खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणाऱ्या) जुन्या उताऱ्यांवरून दाखवावं लागतं. एकाच गावचे उतारे जोडले की प्रकरण परत येतं. आंबोली, चौकूळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर (गावाच्या सामाईक) जमिनींचा प्रश्न तर याहून वेगळा आहे. तिथे वैयक्तिक हिस्साच ठरलेला नव्हता.

प्रश्न : गुहागरजवळ समुद्रालगत दहा गुंठे 'सरकारी प्लॉट' मिळतोय. विकणाऱ्याचं तिथे घर आहे, ग्रामपंचायतीचा घर नंबर आणि घरपट्टीच्या पावत्या आहेत. नोटरी करून घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. घरपट्टी हा कर आहे, तिने जागेची मालकी ठरत नाही. शासकीय जमीन कुणाला मिळते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा शासनाच्या लेखी आदेशाने, सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीबाबतच्या १९७१ च्या नियमांनुसार. ग्रामपंचायतीचा ठराव त्या जागी चालत नाही. खरोखर प्रदान झालेली जमीन असेल तर विकणाऱ्याकडे आदेश क्रमांक, कब्जेहक्काची रक्कम भरल्याचं चलन आणि कब्जेपावती असते. तिन्ही मागा. नसतील तर ते अतिक्रमण आहे आणि तुम्ही अतिक्रमण विकत घेताय. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली ते हटवता येतं, तेव्हा नोटरीचा कागद काही कामाचा नसतो.

जागा गुरचरण असेल तर आशाच सोडा. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग प्रकरणातील जानेवारी २०११ च्या निकालानंतर राज्याने त्याच वर्षी १२ जुलैच्या शासन निर्णयाने गुरचरण व्यक्तींना देणं बंद केलं. भरतीरेषेखालची वाळू संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचीच आहे. त्या रेषेच्या वर, ग्रामीण भागात, २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे लोकवस्तीच्या घनतेनुसार ५० किंवा २०० मीटरचा ना-विकास पट्टा असतो. प्लॉट किती मीटरवर आहे ते पावलांनी मोजू नका, अधिकृत किनारा नकाशावरच बघा.

प्रश्न : वडिलांना शासनाकडून मिळालेली जमीन 'वर्ग २' (अटींवर दिलेली) आहे. विकता येईल?

उत्तर : परवानगीशिवाय नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग खरेदीखत. क्रम उलटला की शर्तभंग होतो आणि जमीन शासनजमा होऊ शकते. मूळ प्रदान आदेशातल्या अटी वाचा. नियमांनुसार अधिमूल्य (शासनाने ठरवलेली रक्कम) भरून ती वर्ग १ (अटींतून मोकळी) करता येते. अधिमूल्य बाजारमूल्य तक्त्यावर मोजतात आणि त्याचा दर वापर शेतीचा की घराचा यावर बदलतो.

प्रश्न : आम्ही सरकारी जागेवर पंधरा वर्षं राहतोय. बारा वर्षांनी जागा आपली होते ना?

उत्तर : बारा वर्षं खाजगी मालकाविरुद्ध. शासनाविरुद्ध मुदत तीस वर्षांची, आणि तीही सलग, उघड, शासनाची मालकी नाकारून केलेल्या कब्जाची. मधेच तुम्ही जागा नावावर करून देण्याचा अर्ज केला असेल, तर शासनाची मालकी तुम्हीच मान्य केली असा त्याचा अर्थ काढला जातो.

प्रश्न : खाडीचा बांध फुटून आमच्या खाजणात (खाडीकाठच्या शेतजमिनीत) खारं पाणी शिरलं. आता कांदळवन (खारफुटी) वाढलंय. जमीन सरकारची झाली का?

उत्तर : नुसत्या कांदळवनामुळे सातबारावरचं नाव जात नाही, पण झाडं मात्र तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी आहे, जमीन कुणाचीही असो. बांध शासकीय खारभूमी योजनेतला असेल तर दुरुस्तीसाठी खारभूमी विभागाकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून संहितेच्या कलम २० खाली जमीन शासनाची ठरवली, तर आदेशापासून एक वर्षात दिवाणी दावा लावावा लागतो. शासनावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते, म्हणून आदेश हातात पडला की त्याच आठवड्यात वकील गाठा.