‘संदर्भ’ दिला, तरी संदर्भ सुटला

प्रश्न असा आहे : बायबलमधल्या एखाद्या वचनाखाली ‘यिर्मया २९:११’ असा संदर्भ स्पष्ट छापलेला असतो आणि तरीही जाणकार म्हणतात की हे वचन ‘संदर्भ सोडून’ वापरले आहे. संदर्भ दिलेला असताना तो सुटतो कसा, आणि या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत वेगळा, नेमका शब्द आहे का?

गोंधळ प्रश्नकर्त्याचा नाही, शब्दाचा आहे. आजच्या मराठीत ‘संदर्भ’ हा एकच शब्द दोन कामे करतो. पुस्तकाचे नाव, अध्याय आणि वचनाचा क्रमांक, म्हणजे मजकुराचा पत्ता, हा एक संदर्भ. आणि त्या मजकुराच्या मागेपुढे काय आहे, तो कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितला, हा दुसरा संदर्भ. पत्ता बिनचूक असूनही घरात कोण राहते हे ठाऊक नसावे, तसा हा प्रकार होतो.

व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या अर्थाचे पारडे जड आहे. ‘सम्’ उपसर्ग आणि ‘दृभ्’ धातू मिळून ‘संदर्भ’ बनतो, आणि ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे, ओवणे. संस्कृतात संदर्भ म्हणजे गुंफण, रचना, आणि त्यावरून ग्रंथरचनाही. वचनाला काही मराठी ख्रिस्ती ‘ओवी’ म्हणतात आणि तो शब्दही ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो, हा योगायोग मला फार आवडतो. ओवलेला मणी सुटा काढून दाखवायचा आणि त्यालाच ‘संदर्भासह’ म्हणायचे, ही त्या शब्दाची थट्टाच म्हणायची.

शिवाय हा पत्ता मूळ लेखकांनी दिलेला नाही. आज प्रचलित असलेली अध्यायांची विभागणी १३व्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूंनी केली असे मानले जाते, आणि नव्या करारातले (बायबलच्या दुसऱ्या भागातले) वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एस्तियेन या मुद्रकाच्या १५५१ सालच्या आवृत्तीतून आले. हिब्रू ग्रंथांत वचनांचे विराम त्याहून पुष्कळ जुने आहेत. पण पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाने पत्र लिहिले ते सलग, आणि ऐकणाऱ्यांनी ते ऐकलेही सलग. शोधण्याच्या सोयीसाठी घातलेल्या आकड्यांनी पुढे वाक्यांना स्वतंत्र अस्तित्व बहाल केले.

मराठीत यात आणखी एक भर पडते, ती ‘वचन’ या शब्दाने. मुळात वचन म्हणजे केवळ ‘बोललेले’; परंतु वचन देणे, वचन पाळणे, वचनभंग या रुळलेल्या प्रयोगांमुळे आपल्या कानाला वचन म्हणजे आश्वासन वाटते. त्यामुळे ‘आजचे वचन’ म्हणून समोर आलेले कोणतेही वाक्य देवाने वाचकाला व्यक्तिशः दिलेला शब्द आहे, असे वाचले जाण्याची ओढ भाषेतच आहे.

प्रश्नात आलेलेच उदाहरण जवळून पाहू. यिर्मया २९:११ चा आशय असा : तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो; ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत; ते तुम्हांला भविष्य आणि आशा देणारे आहेत. परीक्षा, नोकरी, विवाह अशा प्रसंगी हे वाक्य आवर्जून दिले जाते. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमहून यहूदी राजा, अधिकारी, कारागीर यांना बाबेलला नेले, आणि तिथल्या त्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने हे पत्र पाठवले. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. यिर्मया नेमके उलट सांगतो : घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा; कारण परत येणे आहे ते ७० वर्षांनी. हा ७० वर्षांचा आकडा १०व्या वचनात, म्हणजे त्या प्रसिद्ध वाक्याच्या अगदी लगतच्या ओळीत आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना तो दिवस दिसणार नव्हता. म्हणजे लवकर सुटकेची आशा धरू नका असे बजावणाऱ्या पत्रातले हे सांत्वन आहे, आणि आपण ते लवकर सुटकेची हमी म्हणून वाचतो.

इथे व्याकरणातले ‘वचन’ही मदतीला येते. मूळ हिब्रूत ‘तुमच्याविषयी’ हे अनेकवचन आहे, म्हणजे बोलणे एका समूहाशी चालले आहे. मराठी भाषांतरातही ‘तुम्ही’ आहे, पण आदरार्थी ‘तुम्ही’ची सवय असल्याने वाचक ते स्वतःपुरते घेतो. रूढ मराठी बायबलात प्रत्यक्ष देवालाही ‘तू’ म्हटले जाते, तेव्हा तिथला ‘तुम्ही’ सहसा अनेकांसाठीच असतो, हे लक्षात ठेवले तर बराच उलगडा होतो. लूक २२:३१–३२मध्ये येशू शिमोनाला हाक मारून म्हणतो की सैतानाने ‘तुम्हांला’ चाळण्याची मागणी केली, पण मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली. संकट सगळ्या शिष्यांवर, विनंती एकट्यासाठी. ग्रीकमधला हा फरक मराठीत सहज उतरतो.

कधी प्रश्न बोलणाऱ्याचा असतो. ‘तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट भरभराटीचा होईल’ या आशयाचे ईयोब ८:७ नव्या उपक्रमाला शुभेच्छा म्हणून दिले जाते. हे शब्द बिल्ददाचे, म्हणजे संकटात सापडलेल्या ईयोबाच्या एका मित्राचे आहेत. त्याने नुकतेच, त्याच भाषणात, ईयोबाची मुले आपल्या पापाची फळे भोगून मेली असे सुचवले आहे, आणि ग्रंथाच्या शेवटी (४२:७) देव या मित्रांवर रागावून म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. अशा वाक्याला ‘बायबल म्हणते’ असे लावताना जरा थांबावे.

मत्तय ७:१चेही तसेच. ‘दोष काढू नका’ एवढ्यावर थांबले की ती सरसकट मनाई वाटते. पण ५वे वचन सांगते की आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचे आहेच, फक्त क्रम सांगितला आहे. (ग्रीकमध्ये मुसळ नाही, तुळई आहे. कुसळाला जुळणारे मुसळ घेऊन मराठीने मजा आणली आहे. पण हे बोलणारा येशू सुतार म्हणून ओळखला जात होता, ती लाकडाची खूण त्यात पुसट झाली.)

आता शब्दांविषयी. शेजारच्या मजकुराशी असलेल्या नात्याला ‘पूर्वापर संबंध’ हा जुना आणि निःसंदिग्ध शब्द आहे. बोलताना ‘मागचापुढचा संबंध’ म्हणावे. काळ, स्थळ, चालीरीती यांसाठी ‘पार्श्वभूमी’ पुरे. मीमांसेत (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात) आणि व्याकरणशास्त्रात या अर्थाने ‘प्रकरण’ येते : ‘सैंधव आण’ म्हटल्यावर मीठ आणायचे की घोडा, हे जेवण चालले आहे की प्रवासाची तयारी, यावरून, म्हणजे प्रकरणावरून ठरते. शब्द उत्तम आहे. पण आज प्रकरण म्हटले की पुस्तकाचा भाग किंवा भानगड आठवते, तेव्हा तो सोडलेला बरा. ‘संदर्भहीन’ मात्र इथे वापरू नये. त्याचा रोख मजकूर अप्रस्तुत असण्याकडे जातो, आणि इथे मजकूर अप्रस्तुत नसून तोडलेला आहे.

म्हणून प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन : ‘यिर्मया २९:११ हे वचन पूर्वापर संबंध तोडून उद्धृत केले आहे.’ क्रमांकासाठी ‘संदर्भ’ खुशाल ठेवावा; तो आता इतका रुळला आहे की बदलायला कोणी तयार होणार नाही.