जमिनीखाली साठवलेला कार्बन डायऑक्साइड गळला तर भूजलातले जिवाणू मरतात का?

काही मरतात, पण सगळे नाही. मला विचाराल तर मेलेल्यांपेक्षा उरलेल्यांकडे लक्ष ठेवावं. मी ठाण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. (ठाण्याखाली असा साठा नाही, घाबरू नका.)

हवेत जाऊन तापमान वाढवू नये म्हणून हा वायू साधारण 800 मीटरच्या खाली सोडतात, कारण तिथल्या दाबाने तो द्रवासारखा दाट होतो. त्या रूपाशी थेट गाठ पडली तर बहुतेक जिवाणू संपतात. पण झिरपत वरच्या भूजलात आला की तो पाण्यात विरघळतो, म्हणजे पाण्याचा सोडा होतो. साडेसातच्या आसपासचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा उतरला की आम्ल वाढलं) सहापर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. वायू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतच आम्ल तयार होतं. ते बाहेर फेकण्यातच जिवाणूची ताकद जाते. ज्याला झेपत नाही तो मागे पडतो.

काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी दगडातल्या लोहाच्या गंजावर श्वसन करतात. या क्रियेत भरपूर आम्ल खर्च होतं, त्यामुळे पाणी आंबट झालं की त्यांचं फावतं. सल्फेटवर जगून सल्फाइड बनवणाऱ्यांना तेवढा लाभ नाही. इथेच खरी मेख आहे: गंज विरघळला की त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटू शकतं, आणि सल्फाइड कमी बनलं तर धातूंना गाळात बसवणारंही कमी उरतं. बोअरचं पाणी पिणाऱ्याने चिंता करावी ती याची.

आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 मध्ये हा वायू बेसॉल्टमध्ये सोडला. ती गळती नव्हती, मुद्दाम केलेला प्रयोग होता. पण दगड आपल्या पारसिकच्या डोंगराच्याच जातीचा. तिथल्या भूजलात जिवाणूंची विविधता घटली आणि गॅलिओनेलाच्या कुळातले, गंजावर नव्हे तर विरघळलेल्या लोहावर जगणारे जिवाणू बोकाळले. आम्लाने दगडातून लोह सुटलं, त्यांना आयतं पान वाढलं गेलं.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या बोअरच्या टाकीतही तांबूस, बुळबुळीत थर धरतो. प्लंबर म्हणतो, "मॅडम, पाइपचा गंज आहे." मी स्लाइड करून पाहिली, तर गॅलिओनेलाचे पीळदार देठ! कार्बन डायऑक्साइडचा काही संबंध नाही, लोह मिळालं की ते येतातच. तेव्हापासून टाकी धुणारे आले की त्यांच्याआधी मी बाटली घेऊन गच्चीवर हजर असते.