राजदीप सरदेसाई थेट टीव्हीवर आले की आधी पेपरात होते?

आधी पेपरात; टीव्ही नंतर आला. 1988 मध्ये ते मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया'त लागले आणि विशी सरायच्या आत तिथे सिटी एडिटर झाले. त्या काळात ज्यांच्या घरी टाइम्स यायचा, त्यांना 92-93 च्या दंगलीच्या दिवसांतली त्यांची बायलाइन आठवत असेल. 1994 ला एनडीटीव्ही. 'द बिग फाइट' हा चर्चेचा कार्यक्रम तिथलाच: पुढारी समोरासमोर, मध्ये राजदीप, आणि प्रेक्षकांतून प्रश्न. आजच्या आठ चौकटींच्या आरडाओरड्यापेक्षा ते बरं होतं, असं माझं मत. 2005 मध्ये सीएनएन-आयबीएन हे इंग्रजी न्यूज चॅनेल सुरू केलं, 2008 ला पद्मश्री, 2014 मध्ये रिलायन्सने नेटवर्क18 (सीएनएन-आयबीएन ज्या समूहाचं होतं तो) ताब्यात घेतल्यावर राजीनामा, मग इंडिया टुडे.

एक दुरुस्ती: सीएनएन-आयबीएन 'त्यांच्या मालकीचं' होतं असं काहीजण लिहितात, तसं नाही. ते संस्थापक-संपादक, पण कंपनी राघव बहल यांच्या समूहाची होती.

आणि हो, क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई, मडगावचे, हे त्यांचेच वडील.